तिसरी पातळी

आई मुलं मोजायची. हा शब्द बाबांचा. बाबा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला होते, आणि संध्याकाळी घरी आले की चहाचा पहिला घोट घेऊन आईला विचारायचे, आज कुणाचं माप घेतलं? आईला तो शब्द आवडायचा नाही, पण तिने तो कधी दुरुस्तही केला नाही, कारण तिच्या कामाला दुसरा सोपा शब्द तेव्हा कुणापाशीच नव्हता. शहरात एक संस्था होती. ज्यांना आईबाप नाहीत किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशी मुलं मुलांच्या कोर्टाकडून तिथे यायची. जागा पुरत नसे, म्हणून त्यांतली काही मुलं संस्था उपनगरांतल्या कुटुंबांमध्ये सांभाळायला देई. दत्तक नव्हे. मूल संस्थेचंच, घराने फक्त ते वाढवायचं. अशा घरांत जाऊन मूल कसं आहे, त्याला किती बघावं लागतं, हे ठरवायचं काम आईकडे होतं. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड, जिथे जिथे अशी मुलं असतील तिथे ती खांद्याला पिशवी लावून जायची आणि मुलाची पातळी लिहून आणायची. पहिली पातळी म्हणजे मूल चारचौघांसारखं आहे, कुठल्याही घरात वाढेल. दुसरी म्हणजे जरा जास्त लक्ष हवं. औषध, दूध, अधूनमधून डॉक्टर, ते संस्था पुरवी आणि मूल त्याच घरी राही. तिसरी म्हणजे विशेष देखभाल. तिसऱ्या पातळीच्या मुलाचं काय करायचं ते संस्थेची समिती ठरवी.

आम्ही तेव्हा पार्ल्याला राहत होतो, पूर्वेला, एका छोट्या बंगलीच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची गॅलरी. वारा पडला की दुपारी बिस्किटांच्या कारखान्याचा गोडसर वास घरभर भरायचा आणि माझ्या धाकट्या भावाला, बंडूला, हमखास भूक लागायची. सांताक्रूझकडून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून आई आधी आमच्यावर सराव करायची. पिशवीत रंगीत लाकडी ठोकळे होते, ओवायला मोठे मणी होते, चित्रांचे पुठ्ठे होते, आणि एक कापडी बाहुली होती, तिचं नाक कुठंय, कान कुठंय हे दाखवायचं. मी तेव्हा बारा वर्षांची, बंडू सहाचा. मणी ओवण्यात माझं काय कौतुक, पण बंडूला किती वेळ लागतो हे ती बारकाईने बघायची, कारण तिच्या मनात चारचौघांसारखं मूल म्हणजे बंडू होता. भातावर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी वाढता वाढता ती त्याला विचारायची, ताटात डावीकडे काय आहे रे? बंडू तोंडात घास घेऊन सांगायचा, मीठ. झालं, बंडू पहिल्या पातळीत पास. आम्हाला तो खेळ वाटे.

परवा नातीच्या शाळेत गेले होते. तिथे एक चुणचुणीत बाई आहेत, त्यांच्या दारावर जास्त लक्ष लागणाऱ्या मुलांच्या शिक्षिका म्हणून पाटीच आहे. खोलीत मऊ सतरंज्या, रंग, झोपाळा. मूल कुठे अडतं ते त्या मुलाच्या आईवडिलांना समजावून सांगत होत्या, आणि ती दोघं मान हलवत होती. मी बाहेर बाकावर बसून होते. मला माझ्या आईची फार आठवण आली. तिच्याकडे या कामाच्या शिक्षणाचं एक वर्ष, एक पिशवी आणि तीन आकडे होते.

सुट्टीच्या दिवशी ती मला बरोबर न्यायची. घरच्या बायकांशी तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी मुलाला खेळवायचं, एवढंच माझं काम. असं आम्ही एकदा वर्सोव्याला गेलो. अंधेरीहून बस, ती सोडली की पायी कोळीवाड्यात. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, वाळूत होड्या कलंडलेल्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सोनाबायचं घर. सोनाबाय पस्तिशीची असेल. ताठ, काळीसावळी, आवाज मोठा. तिला तीन मुलं होऊन गेली होती, एकही जगलं नव्हतं. नवरा, धर्मा, होडीवर जाई. कुणीतरी सांगितलं म्हणून ती स्वतः चालत संस्थेत गेली आणि एक पोर मागून घेऊन आली. ती मंगल. आणली तेव्हा चारेक वर्षांची, बोलत नव्हती. लोक म्हणाले, बुजलीय, बोलेल. आम्ही गेलो तेव्हा ती सहा वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोललेली नव्हती.

पण गप्प मात्र ती नव्हती. तिच्या घशातून सारखा एक बारीक गुणगुणणारा सूर यायचा, आनंदात असली की वर चढायचा आणि भूक लागली की खाली उतरायचा. माणसाच्या तोंडाकडे ती बघतच नसे. जवळ गेलं की आधी तुमचा हात ओढून घ्यायची, तळवा नाकाशी धरून हुंगायची, आणि मगच तुम्हाला जवळ येऊ द्यायची. मी तिच्यापुढे ठोकळे मांडले. तिने त्यांतला एक उचलला, हुंगला, चाटला आणि दूर फेकला. मणी तिने सगळे खाली सांडले आणि त्यांच्या घरंगळण्याच्या आवाजाने हरखून गेली. पुन्हा सांडले. आई बघत होती. बंडूचं कुठलंच माप इथे लागू पडत नव्हतं.

मग आईला तो दोर दिसला. दाराजवळच्या खांबाला एक जुन्या लुगड्याचा पिळा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक सैल फासासारखं जमिनीवर पडलं होतं. आईने विचारलं, तेव्हा सोनाबायने काही लपवलं नाही. सकाळी मावरं, म्हणजे मासळी, घेऊन बाजारात जावं लागतं, नवरा दर्यात, सासू आंधळी. पोर उघड्यावर सोडली तर सरळ पाण्याकडे चालत जाते, दोनदा गळ्याएवढ्या पाण्यातून आणलीय. म्हणून कमरेला बांधते. मऊ कापड घेतलंय, काचत नाही. आईने पुढे विचारलं, आकडी वगैरे येते का? सोनाबाय थोडं थांबली आणि म्हणाली, नाय. धर्मा दाराशी जाळं शिवत होता, त्याने वर पाहिलं नाही.

आईला ते 'नाय' पटलं नसावं. एवढ्याशा भेटीवर पातळी लिहिणं बरं नव्हे, असं म्हणून तिने मंगलला काही दिवस आमच्या घरी आणायची परवानगी संस्थेकडून काढली. सोनाबाय स्वतः पोरीला पोचवायला आली, येताना सुक्या जवळ्याची पुडी घेऊन, की हा भातात कालवला म्हणजे ती जेवते. जिन्यात उभं राहून तिने मंगलचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपला तळवा तिच्या नाकाशी नेला, आणि मागे न बघता उतरून गेली.

त्या दिवसांत आमचं घर त्या गुणगुणीने भरून गेलं. बंडूला पहिल्यांदा तिची भीती वाटली, मग तो तिच्यापुढे पत्र्याचा डबा वाजवायला लागला आणि ती त्याच्या मागे मागे फिरायला लागली. विमान जायचं तेव्हा ती भिंतीला गाल लावून उभी राहायची. भिंतीतली थरथर तिला कळत असावी. रोज सकाळी ती आम्हा सगळ्यांचे हात हुंगायची. बाबांच्या बोटांना शाईचा वास, तो तिला आवडायचा; त्यांचा हात ती सोडतच नसे. बाबा डाव्या हाताने चहा प्यायचे आणि म्हणायचे, हिला काय झालंय, चांगली तर आहे. जेवण हातात द्यावं लागे, परसाकडे न्यावं लागे, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. पण हे सगळं आईच्या मते दुसऱ्या पातळीत बसत होतं. दुसरी लिहिली की दूध सुरू होईल, डॉक्टर येईल, आणि पोर सोनाबायकडे राहील. मला आठवतं, आई त्या दिवसांत खुशीत होती. तिने दुसरी पातळी मनात लिहूनही टाकली होती.

रविवारी दुपारी आई शेगडीवर बोंबील तळत होती. मी विळीवर नारळ खवत होते, बंडू बाहेर होता, आणि मंगल आईच्या पलीकडे पाटावर बसून तेलाच्या चुरचुरीबरोबर गुणगुणत होती. गुणगुण थांबली, ते मला ऐकू आलं. मी वर बघेपर्यंत ती लाकडासारखी ताठ होऊन पुढे गेली होती, शेगडीवर. आईने तिला ओढली, कढईतलं तेल जमिनीवर पसरलं, निखारे उडाले. मंगलचं अंग झटके देत होतं, डोळे वर गेले होते, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. बाबा धावत आले, त्यांनी तिला कुशीवर धरलं. आई गुडघ्यावर बसून तिच्या हातावर पाणी ओतत होती. सगळं थांबलं तेव्हा मंगल झोपी गेली. घरात जळक्या तेलाचा वास राहिला.

डॉक्टर येऊन गेले. हात बरा होईल म्हणाले. आकड्यांबद्दल मात्र त्यांनी सांगितलं की हे आजचं नाही, पडल्याचे जुने वण अंगावर आहेत, आणि पुढेही येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबा आईला म्हणाले, "तू दुसरीच लिही."

"माझ्या हातभर अंतरावर होती ती," आई म्हणाली. "हातभर. घरात आपण तिघं होतो. तिथे ती खांबाला बांधलेली असते, शेजारी चूल, आणि बघायला आंधळी म्हातारी."

"तिसरी लिहिलीस तर नेतील तिला."

"आणि दुसरी लिहिली आणि ती चुलीत पडली, तर?"

बाबांनी कप खाली ठेवला. आईने तिसरी लिहिली. पण त्याखाली तिने तिच्या वळणदार अक्षरात पान भरून लिहिलं: मुलीला याच घरात ठेवावं, ती इथे रुळली आहे, सोनाबायला बाजार सोडून घरी बसता येईल एवढी मदत संस्थेने द्यावी, डॉक्टरांनी दरमहा बघावं, चूल उंच करून घ्यावी. बाबांना तिने ते वाचून दाखवलं. तिला वाटत होतं, खरी गरज किती मोठी आहे ते नीट सांगितलं तर मदतही तेवढी मोठी मिळेल.

समितीने फक्त आकडा पाहिला, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तसं नव्हतं, हे आईने म्हातारपणी मला सांगितलं. त्यांनी सगळं वाचलं. बराच वेळ बोलले. त्यांतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण तिसऱ्या पातळीचं मूल साध्या घरात ठेवलं आणि काही झालं तर जबाबदार कोण, या प्रश्नापाशी येऊन सगळे थांबले. ठरलं असं की मंगलला मुलुंडच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी अशा मुलांसाठी एक आश्रम आहे, तिथे ठेवायचं. तिथे परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, बांधून ठेवावं लागणार नाही.

मंगल तोवर वर्सोव्याला परत गेली होती. हे सांगायला आई गेली तेव्हा मी बरोबर होते. सोनाबाय अंगणात बोंबील उलटत होती. आईने उभ्याउभ्याच सांगितलं, बसली असती तर सांगता आलं नसतं असं ती नंतर म्हणाली. सोनाबायने सगळं ऐकून घेतलं. हात पदराला पुसले, आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसली, आणि आईच्या पिशवीकडे बोट केलं.

"पोरीची परीक्षा घेतली ना तू? आता माजी घे."

आई म्हणाली, "तशी परीक्षा नसते, सोनाबाय."

"मंग मी कशी हाय तं तुमाला कसं कललं?"

आईने पिशवी उघडली नाही. ती सोनाबायच्या समोर खाली बसली. मंगल घरात होती. तिची गुणगुण बाहेर येत होती. मग सोनाबाय भराभर बोलायला लागली. आकडीचं खोटं सांगितलं ती चूक झाली, लोक म्हणाले होते सांगितलं तर नेतील. आता बाजार सोडते, नणंदेला पाठवते मावरं घेऊन. चूल आज काढून टाकते, नणंदेकडे रांधते. दोर जाळते. आईने हे सगळं पुन्हा लिहून घेतलं आणि पुन्हा समितीपुढे गेली. तिचं ऐकून घेतलं गेलं. निर्णय तोच राहिला.

मंगलला नेलं त्या दिवशी मला शाळा होती. आई संस्थेच्या परिचारिकेबरोबर गेली होती. संध्याकाळी ती जेवली नाही. बाबांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की मुलगी हसत गेली. गाडी गल्लीत शिरेना म्हणून सोनाबायने तिला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत आणली, नवा झगा घालून. मंगल मोटारीत पहिल्यांदाच बसत होती. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरायला लागली, आणि तिची गुणगुण वर चढली. तिला एवढा आनंद झाला होता की तिने बाहेर पाहिलंसुद्धा नाही.

आश्रमात महिन्यातून एकदा भेटायची मुभा होती, पण नातेवाइकांना. सोनाबाय कोण लागत होती? आईने खटपट करून तिचं नाव घालून घेतलं, आणि पहिल्या खेपेला आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. सोनाबाय सणाचं लुगडं नेसून आली होती. अंगाला वासाचा साबण, केसांत अबोलीचा वळेसर. ती जागा फार स्वच्छ होती. झाडं होती, पाखरं होती. मुलं चटयांवर रांगेने बसली होती, सगळ्यांचे केस बारीक कापलेले, त्यामुळे मुलगी कोण आणि मुलगा कोण ते ओळखू येत नव्हतं. मंगलच्या हातावरची जखम छान भरली होती. तिचं वजनही वाढलं होतं. सोनाबाय तिच्यासमोर बसली आणि तिने हात पुढे केला. मंगलने तो ओढून घेतला, हुंगला आणि सोडून दिला. पुन्हा नाही बघितलं. सोनाबाय तिला हाका मारत राहिली. मंगल उठून खिडकीपाशी गेली आणि गजांना गाल लावून उभी राहिली. गुणगुण नव्हती. मी कान देऊन ऐकलं, पण नव्हती.

परतीच्या वाटेवर सोनाबायने आपले तळवे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "मी आज साबनानं धुतलं हात." आईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने तोंड फिरवलं.

पुढच्या खेपेला सोनाबाय थेट बाजारातून आली. रोजचं लुगडं, ओला पदर, हाताला मावऱ्याचा वास. वाटेत लोक नाकाला रुमाल लावून आमच्याकडे बघत होते. आश्रमाच्या दालनात ती शिरली मात्र, आणि शेवटच्या चटईवर बसलेल्या मंगलने मान वर केली. हात पुढे करायचीही वेळ आली नाही. ती उठून आली, रांगेतल्या मुलांना तुडवत आली, सोनाबायच्या मांडीत शिरली आणि तिचे दोन्ही तळवे आपल्या तोंडावर दाबून धरले. तो सूर निघाला. इतका वर चढलेला मी कधी ऐकला नव्हता. सोनाबाय डुलत होती, काहीतरी पुटपुटत होती. भेटीची वेळ संपली तशी परिचारिका आली. मंगलने सोनाबायचा पदर मुठीत धरला होता. परिचारिका बोटं सोडवायला लागली, दुसरी मदतीला आली, मंगल किंचाळायला लागली. तेव्हा सोनाबाय म्हणाली, थांबा, तिला दुखंल. आणि तिने स्वतः ती बोटं एकेक करून सोडवली.

मंगलचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण सांगण्यासारखं फार नाही. ती त्या आश्रमात काही वर्षं होती. मग मोठ्या मुलींची व्यवस्था दुसरीकडे, दूर, घाटापलीकडे झाली आणि तिला तिकडे नेलं. आईने चौकशी केली, एकदा उत्तर आलं की बरी आहे, नंतर आलं नाही. आई ते काम निवृत्त होईपर्यंत करत राहिली. मी एकदा तिला विचारलं की तू सोडून का दिलं नाहीस. ती म्हणाली, मी सोडलं असतं तर दुसरं कुणी पातळ्या लिहिल्या असत्या, निदान मी घरी जाऊन बघते तरी. तेवढं बोलून तिने विषय बदलला.

त्या दुसऱ्या भेटीनंतर आश्रमाच्या मुख्य बाईंनी आईला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, हे मी सांगितलं पाहिजे. मंगलला त्या दिवसापासून आकड्यांवर आकड्या येत होत्या, ती जेवत नव्हती, दाराकडे तोंड करून रडत होती, आणि या बाई स्वतः तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, भेटी बंद करा. मूल ओळखत नव्हतं तोवर ठीक होतं. आता ओळखतं, आणि प्रत्येक ताटातुटीला आकड्या वाढतील, एखादी जिवावर बेतेल. आईने आकड्यांची नोंद पाहिली, मंगलला लांबून पाहिलं. वाद घालण्यासारखं तिला काही सापडलं नाही.

सोनाबायने तेव्हा पार्ल्यात मासळीची पाटी फिरवायला सुरुवात केली होती. विक्री हे निमित्त. तिला आईकडून पोरीची खबर हवी असायची. ती आली ती सकाळची वेळ. आईने तिला आत बोलावलं, पण ती नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेरच बसली, पाटी बाजूला ठेवून. बंडूने तिला पाणी दिलं. आईने सगळं सांगितलं; आकड्या, न जेवणं, दाराकडे बघून रडणं, आणि शेवटी हे की आता जायचं नाही. आई सांगत असताना मी तिच्या पाठीमागे उभी होते, आणि मला वाटत होतं, आता सोनाबाय ओरडेल, आईला काहीतरी बोलेल. तिने बोलावं, असंही वाटत होतं.

सोनाबाय तांब्याकडे बघत होती. वरून विमान गेलं, कपबशा वाजून थांबल्या.

"म्हंजे तिनं मना वलखलं," ती म्हणाली.

"ओळखलं," आई म्हणाली.

"रडते ती माज्यासाठीच ना?"

"तुझ्यासाठीच."

सोनाबायने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू, हे मला अजून ठरवता येत नाही; समाधान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती उरलेलं पाणी प्यायली आणि तांब्या उंबऱ्याच्या आत सरकवला.

"मंग मी नाय जात," ती म्हणाली.

उठून तिने मला पाटीला हात लावायला सांगितलं. पाटी भरलेली होती, मला एकटीला उचलेना, म्हणून आई पुढे आली आणि आम्ही दोघींनी मिळून ती तिच्या डोक्यावर चढवली. ती जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही गॅलरीत उभ्या होतो. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने हाक दिली, हलवा घ्या, पापलेट घ्या, रोजच्यासारखी, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई भांडं घेऊन खाली उतरल्या.